महागड्या शहरात घर परवडावे म्हणून: नव्याने येणाऱ्यांसाठी हिशेब आणि क्रम

महागड्या शहरात नव्याने जाणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: ‘तिथे घर केवढ्याला पडते?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावरून काहीच ठरवता येत नाही, कारण तेच घर तेवढ्याच भाड्यात एकाला सहज झेपते आणि दुसऱ्याला वर्षभरात कर्जबाजारी करते. म्हणून ‘परवडणे’ या शब्दाचा मी या लेखापुरता एकच अर्थ धरणार आहे. ज्या महिन्यात पगार उशिरा झाला, दाताच्या डॉक्टरांचे बिल आले आणि घरच्यांकडे तातडीने जावे लागले, त्या महिन्यातही घराचे पैसे उसनवारी न करता देता आले, तर ते घर आपल्याला परवडते. चांगल्या महिन्यात कोणतेही घर परवडल्यासारखेच वाटते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या वाईट महिन्याला समोर ठेवून लिहिल्या आहेत, आणि त्या याच क्रमाने घ्याव्यात, कारण घाईने वरची पायरी आधी चढणाऱ्याला खाली उतरावे लागते ते पैसे गमावूनच.

पहिली पायरी: उलटा हिशेब

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम घरावर खर्च करावी, असा ठोकताळा जगभर सांगितला जातो. त्याचा उगम पाहिला की त्याची मर्यादाही कळते. अमेरिकेत १९६९ मध्ये ब्रुक दुरुस्ती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने सरकारी घरांतील भाडेकरूंचे भाडे त्यांच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखले आणि १९८१ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेण्यात आली. गरीब भाडेकरूकडून सरकारने जास्तीत जास्त किती घ्यावे, याची ती प्रशासकीय रेघ होती. शहरातल्या प्रत्येक कुटुंबाने तेवढे खुशाल खर्च करावे, असा सल्ला त्यात कोणी दिलेला नव्हता.

त्यापेक्षा उलट्या बाजूने हिशेब करावा. पगाराच्या कागदावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून, कर आणि इतर कपात होऊन प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम १०० धरा. समजा, त्यातून जेवणखाण २०, कामावर जाण्या-येण्याचा प्रवास ८, वीज, पाणी आणि फोन मिळून ६, घरी पाठवायचे १५, शिक्षणकर्जाचा हप्ता १०, कपडे, औषधपाणी व किरकोळ ८ आणि बचत १० अशी विभागणी होते. ही बेरीज ७७ भरते, म्हणजे घरासाठी २३ उरतात. ठोकताळा ३० म्हणत होता. तो ऐकला असता तर फरकाचे ७ बचतीतूनच गेले असते आणि पहिल्याच वाईट महिन्यात उसनवारी सुरू झाली असती. उलट, ज्याच्यावर कर्ज नाही आणि ज्याला घरी काही पाठवायचे नाही, त्याला ३५ देऊनही चणचण भासणार नाही.

या हिशेबात दोन चुका हमखास होतात. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विम्याचा हप्ता, सणासुदीचा प्रवास, मोडलेल्या फोनच्या जागी नवा फोन, हे कोणी महिन्याच्या यादीत धरत नाही. ते सगळे एकत्र करून १२ ने भागावेत आणि यादीत घालावेत. दुसरी चूक अशी की बचत शेवटी उरेल तेवढी करायची, असे समजून घराचा आकडा आधी ठरवला जातो. महागड्या शहरात शेवटी काही उरत नाही.

घराचा आणि प्रवासाचा खर्च वेगवेगळा मोजणे हीसुद्धा फसवणूकच आहे, कारण दूरचे घर स्वस्त असते ते बहुधा प्रवास महाग पडतो म्हणूनच. शिकागोतील सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था म्हणूनच घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांची मर्यादा धरते. हा आकडाही दगडावरची रेघ मानू नये, पण दोन्ही खर्च एकाच ओळीत लिहिण्याची सवय त्यातून घ्यावी.

दुसरी पायरी: निघण्यापूर्वीची गंगाजळी

मासिक भाडे झेपते की नाही हे पाहताना नवखा माणूस पहिल्या महिन्याचा धक्का विसरतो. घर ताब्यात घेताना अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, मध्यस्थाची दलाली, करार करण्याचा खर्च, सामान हलवण्याचा खर्च आणि गादी, पडदे, बादली, दिवे यांची खरेदी हे सारे एकाच आठवड्यात येऊन उभे राहते. त्यातच नव्या नोकरीचा पहिला पगार महिना संपल्यावर आणि कधी कधी कागदपत्रांच्या घोळामुळे दुसऱ्या महिन्यात मिळतो. म्हणून हाताशी असायला हवी ती रक्कम अशी काढावी: त्या शहरात जितक्या महिन्यांची अनामत घेण्याची पद्धत असेल तितकी भाडी, त्यावर एक आगाऊ भाडे, त्यावर दलाली, आणि शिवाय दोन महिन्यांचा संपूर्ण घरखर्च. ही बेरीज जमत नसेल, तर लहान घर शोधण्यापेक्षा काही महिने खोलीतील एक खाट भाड्याने घेणे शहाणपणाचे.

अनामत रकमेकडे लोक ‘परत मिळणारे पैसे’ म्हणून पाहतात. प्रत्यक्षात ते आपण घरमालकाला दिलेले बिनव्याजी आणि बहुधा बिनतारणाचे कर्ज असते. दक्षिण कोरियातील जॉनसे पद्धतीत भाडेकरू दरमहा भाडे न देता घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम एकदम मालकाकडे ठेवतो आणि जाताना ती परत घेतो. घरांच्या किमती उतरू लागल्या आणि फसवणुकीचे प्रकार उघड झाले, तेव्हा तिथल्या अनेक भाडेकरूंचे आयुष्यभराचे पैसे अडकले आणि २०२३ मध्ये सरकारला पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. आपली अनामत त्या मानाने किरकोळ असेल, पण तत्त्व तेच आहे: जितकी अनामत मोठी, तितकी मालकाची चौकशी खोल असायला हवी, आणि सरकारमान्य संस्थेकडे किंवा स्वतंत्र खात्यात अनामत ठेवण्याची सोय ज्या शहरात असेल तिथे तिचा आग्रह धरावा.

तिसरी पायरी: आधी तात्पुरता मुक्काम

शहर न पाहता वर्षभराचा करार करू नये. एक ते तीन महिन्यांसाठी ओळखीच्यांकडे, वसतिगृहात किंवा सामायिक खोलीत राहावे, मग भले त्या काळाचे भाडे दिवसाच्या हिशेबाने थोडे जास्त पडो. या मुदतीत एकच काम नेटाने करायचे असते, ते म्हणजे घर आणि काम यांच्यातील अंतर मिनिटांत मोजणे. किलोमीटरचा इथे उपयोग नाही. रेल्वे स्थानकाजवळचे वीस किलोमीटरवरचे घर, दोन बस बदलून गाठायच्या सात किलोमीटरवरच्या घरापेक्षा जवळ असू शकते.

विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने १९६४ मध्ये मांडलेला विचार इथे कामाचा आहे. नोकऱ्यांच्या मध्यापासून जसजसे दूर जावे तसतसे जमिनीचे मोल उतरते आणि प्रवासाचा भार चढतो. म्हणजे दूरचे स्वस्त घर हे अंशतः आपल्याच वेळेने भरलेले घर असते. तो वेळ मोजता येतो. जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास जास्त लागत असेल, तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ३३ तास जातात. दोन घरांच्या भाड्यातील फरकातून प्रवासाचा जादा खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेला ३३ ने भागावे. आपण स्वतःचा एक तास केवढ्याला विकत आहोत, ते त्या आकड्यावरून कळते. मग हातात येणाऱ्या मासिक पगाराला १७६ तासांनी भागून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. पुष्कळदा दूरचे घर घेणेच योग्य ठरते, विशेषतः गाडीत बसायला जागा मिळत असेल आणि तो वेळ झोपेचा किंवा वाचनाचा होत असेल तर. पण बसायला जागा मिळते की नाही, हे गर्दीच्या वेळी सलग तीन दिवस स्वतः प्रवास करूनच पाहावे लागते.

चौथी पायरी: घर पाहणे

माझे पहिले भाड्याचे घर मी सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पाहिले. ऊन आत येत होते, रस्ता शांत होता, मध्यस्थाने खिडकी उघडून दाखवली आणि मी त्याच संध्याकाळी अनामत दिली. राहायला गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला उशाजवळची भिंत थरथरू लागली. भिंतीपलीकडे इमारतीचा पाण्याचा पंप होता आणि तो रोज पावणेपाच ते साडेसहा चालत असे. करारात अकरा महिने अडकलो होतो. तेव्हापासून मी कोणतेही घर तीन वेळा पाहतो: एकदा भर दिवसा, एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी माणसे परतत असताना, आणि एकदा रात्री दहानंतर केवळ इमारतीखाली उभे राहून. हे वेळखाऊ आहे, पण मुदतीआधी घर सोडण्याचा दंड भरण्यापेक्षा स्वस्त आहे.

आत गेल्यावर गप्पा मारत फिरू नये, हात वापरावेत. सगळे नळ एकाच वेळी सोडून धार किती उतरते ते पाहावे. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर तळहात टेकवावा. ओल डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागते, आणि एखादीच भिंत ताज्या रंगाने रंगवली असेल तर तिच्याकडे अधिक संशयाने पाहावे. कपाटाची दारे उघडून वास घ्यावा. प्रत्येक खोलीत फोनला संपर्क येतो का, खिडक्या पूर्ण मिटतात का, विजेचा मीटर स्वतंत्र आहे की सामायिक, हे पाहून मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. मागची वीज आणि पाण्याची बिले मागावीत, कारण जुनाट गीझर किंवा निकृष्ट खिडक्या असलेले स्वस्त घर बिलांतून महाग होते. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला ‘आधीचे लोक का गेले?’ एवढेच विचारावे. माणसे या प्रश्नाचे उत्तर सहसा खरे देतात.

घर प्रत्यक्ष पाहण्याआधी कोणालाही, कोणत्याही कारणाने पैसे पाठवू नयेत. मालक परदेशी आहे, किल्ली कुरिअरने येईल, आणखी चार जण रांगेत आहेत, आजच्या आज टोकन द्या: ही सगळी एकाच फसवणुकीची वेगवेगळी रूपे आहेत, आणि बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त भाडे हे तिचे पहिले लक्षण असते.

पाचवी पायरी: करार वाचणे

भाडेकराराची भाषा कंटाळवाणी असते, म्हणून बहुतेक जण भाडे आणि तारीख पाहून सही करतात. वाईट महिना आला की मात्र उपयोगी पडतात ती न वाचलेली कलमे. मुदतीआधी घर सोडायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावी लागेल आणि किती दंड बसेल, पुढच्या वर्षी भाडे किती वाढेल, मालकाने मध्येच घर रिकामे करायला सांगितले तर आपल्याला किती वेळ मिळेल, आणि अनामत किती दिवसांत व कोणत्या वजावटीनंतर परत मिळेल, या चार प्रश्नांची उत्तरे करारात आकड्यांत असली पाहिजेत. ‘परस्पर संमतीने ठरवू’ असे लिहिले असेल तर ते काहीही न लिहिण्यासारखे आहे. दुरुस्तीचीही वाटणी स्पष्ट करून घ्यावी. सर्वसाधारणपणे गळते छत, वायरिंग आणि नळयोजना मालकाकडे, तर वापरातून होणारी किरकोळ मोडतोड भाडेकरूकडे असते. समोर सही करणारी व्यक्तीच खरोखर मालक आहे का, हे मालकीच्या कागदावरून आणि ओळखपत्रावरून ताडून पाहण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

ताबा घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून ते त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवावेत. सोडताना अनामतीवरून होणारे निम्मे वाद या एका ईमेलने मिटतात, निदान माझ्या बाबतीत दोनदा मिटले आहेत. भाडे नेहमी बँकेतून द्यावे. रोखीने मिळणारी लहानशी सवलत पुढे वास्तव्याचा पुरावा आणि कर्जासाठीचा इतिहास या दोन्हींच्या बदल्यात मिळालेली असते.

सहावी पायरी: भाडे खाली आणण्याच्या वाटा

घर वाटून घेणे ही सर्वांत मोठी बचत आहे, कारण घरातील खर्चिक भाग म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, आणि तेच वाटले जातात. दोन खोल्यांचे घर दोघांत घेतले तर प्रत्येकी पडणारे भाडे एका खोलीच्या स्वतंत्र घरापेक्षा बहुधा बरेच कमी येते. मात्र कराराखाली दोघांच्याही सह्या असतील तर एकाने थकवलेले भाडे दुसऱ्याकडून पूर्ण वसूल करता येते, असे कलम पुष्कळ करारांत असते. त्यामुळे आपसात एक पानभर लिहून ठेवावे: बिले कशी वाटायची, पाहुणे किती दिवस, आणि एकाने आधी सोडले तर त्याच्या वाट्याची अनामत कोण देणार. मैत्रीतच हे लिहून ठेवायची जास्त गरज असते.

उरलेल्या वाटा लहान आहेत, पण त्या एकत्र आल्या की फरक जाणवतो. लोकप्रिय स्थानकाच्या एक-दोन थांबे पुढे पाहावे, लिफ्ट नसलेली जुनी इमारत तरुणपणी चालते, सामानासह घराऐवजी रिकामे घर घेऊन जुने सामान विकत घ्यावे, आणि महाविद्यालये सुरू होण्याच्या हंगामात शोध घेणे टाळावे. घासाघीस करताना भाडे कमी करा असे म्हणण्यापेक्षा, दोन वर्षांची हमी देतो, त्या काळात वाढ नको, असे म्हटले तर मालक ऐकतो. घर महिनाभर रिकामे राहिले तर त्याचे वर्षाच्या उत्पन्नापैकी एक-द्वादशांश, म्हणजे ८ टक्क्यांहून थोडे अधिक बुडते, आणि हा हिशेब त्यालाही पाठ असतो.

याशिवाय एक वाट नवख्यांना उशिरा कळते, ती म्हणजे बाजाराबाहेरची घरे. व्हिएन्नात सुमारे निम्मे रहिवासी महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. सिंगापूरमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत तीन-चतुर्थांशाहून अधिक रहिवासी राहतात आणि ती घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकली जातात. झुरिचच्या नागरिकांनी २०११ मध्ये मतदान करून असे ठरवले की २०५० पर्यंत शहरातील एक-तृतीयांश भाड्याची घरे नफा न कमावणाऱ्या संस्थांची असावीत. प्रत्येक शहराची योजना वेगळी, पात्रतेचे नियम वेगळे, पण अशा बहुतेक योजनांत एक गोष्ट सारखी आहे: रांग मोठी असते, आणि काही ठिकाणी अधिकृत नोंदणी केलेल्या वास्तव्याची वर्षेही मोजली जातात. म्हणून शहरात आल्यावर पहिल्याच महिन्यात आपल्या पत्त्याची अधिकृत नोंद करावी आणि सहकारी संस्था, पालिका, नोकरीतील निवासव्यवस्था अशा ज्या ज्या यादीत नाव घालता येईल तिथे ते घालून ठेवावे. अर्जाला पैसे फारसे लागत नाहीत. लागतात ती वर्षे, आणि ती आज मोजायला सुरुवात केली तरच पुढे कामी येतात.

सातवी पायरी: विकत की भाड्याने

‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा’ हे वाक्य प्रत्येक नवख्याला कोणी ना कोणी ऐकवतेच. ते अर्धे खरे आहे, कारण विकत घेणाऱ्याचाही बराच पैसा पाण्यातच जातो: कर्जाचे व्याज, मालमत्ता कर, देखभाल, खरेदीच्या वेळचे कर आणि शुल्क, शिवाय डाउन पेमेंटमध्ये अडकलेल्या रकमेवर जे उत्पन्न मिळाले असते तेही. तुलना करायची ती या सगळ्यांची भाड्याशी. हप्त्याची भाड्याशी थेट तुलना करू नये, कारण हप्त्यातील मुद्दलाचा भाग आपलाच असतो.

सुरुवात एका सोप्या भागाकाराने करावी. घराच्या किमतीला त्याच घराच्या वार्षिक भाड्याने भागावे. उत्तर १५ च्या खाली आले तर खरेदीचा विचार गंभीरपणे करावा, २० च्या वर गेले तर भाड्याने राहणे बहुधा स्वस्त पडते, असा रूढ अंदाज आहे. महागड्या शहरांत हे उत्तर ३० किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. ३० म्हणजे काय ते जवळून पाहू. घराची किंमत १०० धरली तर वर्षाचे भाडे साधारण ३.३ येते. त्याच घरासाठी ८० चे कर्ज ८ टक्के दराने २० वर्षांसाठी काढले तर पहिल्या वर्षात निव्वळ व्याजच सुमारे ६.३ जाते. म्हणजे पाण्यात जाणारा पैसा खरेदी करणाऱ्याचा जवळजवळ दुप्पट आहे, आणि यात देखभाल आणि कर अजून धरलेलेच नाहीत. हा तोटा भरून निघतो तो किंमत वाढली तरच, आणि किमती वाढतच राहतात असे सांगणारा माणूस सहसा काहीतरी विकत असतो.

तरीही लोक घर घेतात आणि ते चूक असतेच असे नाही. मुलांची शाळा, भाडेवाढीपासून सुटका, दर दोन वर्षांनी सामान बांधण्याचा वैताग थांबणे, म्हातारपणी भाडे नसणे, या गोष्टींना मोल आहे. फक्त ते मोल आपण किती लावतो, हे उघड्या डोळ्यांनी ठरवावे, आणि पुढील पाच-सात वर्षे त्याच शहरात राहण्याची खात्री नसेल तर खरेदी टाळावी, कारण घेण्याचा आणि विकण्याचा खर्च थोड्या वर्षांत वसूल होत नाही.

आठवी पायरी: कर्जाची रंगीत तालीम

खरेदी ठरलीच, तर बँकेत जाण्याआधी किमान सहा महिने लुटुपुटीचा हप्ता भरावा. संभाव्य हप्ता आणि देखभाल यांच्या बेरजेतून सध्याचे भाडे वजा करून उरलेली रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकावी आणि तिला हात लावू नये. या सहा महिन्यांत एखादा वाईट महिना येतोच. त्या महिन्यात खात्यातून पैसे काढावे लागले, तर घर अजून परवडत नाही, हे कोणत्याही सल्लागाराशिवाय कळले. काढावे लागले नाहीत, तर डाउन पेमेंटमध्ये तेवढी भर पडली. बँक सांगते ती कर्जाची पात्रता आणि आपली ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेला आपल्या घरी पाठवायच्या पैशांची कल्पना नसते.

कर्जाची मुदत कशी बोलते ते आकड्यांत पाहावे. १०० चे कर्ज ८ टक्के दराने घेतले तर १५ वर्षांत एकूण १७२, २० वर्षांत २०१ आणि ३० वर्षांत २६४ परत करावे लागतात. २० वर्षांच्या कर्जाची १० वर्षे पूर्ण झाली तेव्हा निम्मे कर्ज फिटले असेल असे वाटते. प्रत्यक्षात ६९ बाकी असतात, कारण सुरुवातीचे हप्ते मुख्यतः व्याजच फेडतात.

बदलत्या दराचे कर्ज असेल तर त्याहून धोकादायक गोष्ट घडते, आणि ती शांतपणे घडते. दर वाढला की काही बँका हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, त्यामुळे कर्जदाराला काही बदलले असे वाटतच नाही. वरच्याच उदाहरणात कर्ज घेतल्या घेतल्या दर ८ वरून ९ झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २० वर्षांची सुमारे सव्वापंचवीस वर्षे होतात. दर १० झाला, तर मुदत जाते ५६ वर्षांवर. मी हे गणित पहिल्यांदा केले तेव्हा सूत्र चुकले असावे असे समजून दुसऱ्यांदा केले होते. कारण साधे आहे: १० टक्क्यांना महिन्याचे व्याजच ०.८३३ होते आणि हप्ता असतो ०.८३६, म्हणजे मुद्दलाला जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून दर २ टक्क्यांनी वाढला तर मूळ मुदत टिकवण्यासाठी हप्ता सुमारे १५ टक्क्यांनी वाढवावा लागेल, हे धरून तो वाढीव हप्ता झेपेल एवढेच कर्ज घ्यावे. पती-पत्नी दोघांच्या पगारावर कर्ज घेत असाल, तर एक पगार वर्षभर थांबला तर काय, हा प्रश्न याच वेळी विचारावा.

डाउन पेमेंटसाठी सगळी शिल्लक रिकामी करू नये. किमतीच्या २० टक्के स्वतःचे घातल्यावरही नोंदणीचे कर, वकील, दलाली आणि किरकोळ दुरुस्ती यांचा खर्च वेगळा येतो आणि त्यासाठी सहसा कर्ज मिळत नाही. हे सगळे दिल्यानंतर खात्यात हप्त्यासह सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहिला पाहिजे. तो राहत नसेल, तर आणखी वर्षभर भाड्याने राहावे किंवा लहान घर पाहावे.

नववी पायरी: कागद, ताबा आणि त्यानंतर

क्षेत्रफळाचा आकडा ऐकला की तो कशाचा आहे, हे आधी विचारावे. भिंतींच्या आतील वापरता येणारी जागा, म्हणजे चटई क्षेत्र, तेवढेच खरे. जिना, लिफ्ट आणि प्रवेशदालनाचा वाटा मिळवून सांगितलेल्या आकड्यावर घरांची तुलना करता येत नाही. मोजपट्टी घेऊन स्वतः मोजावे आणि किमतीला त्या आकड्याने भागावे. मालकीची साखळी, घरावरचा आधीचा बोजा, बांधकामाची परवानगी आणि वापर परवाना हे तपासणारा वकील आपला स्वतःचा असावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. बांधकाम सुरू असलेल्या घराची किंमत कमी दिसते, पण ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही भरावे लागते. ताबा दोन वर्षे लांबला तर ती स्वस्ताई टिकते का, हे आधीच लिहून पाहावे.

राहायला गेल्यावर पहिल्या वर्षी घर सजवण्याच्या कर्जात पडू नये. दरवर्षी बारा हप्त्यांऐवजी तेरा हप्त्यांइतकी रक्कम भरता आली, तर ८ टक्के दराचे २० वर्षांचे कर्ज सुमारे सव्वातीन वर्षे आधी फिटते. ही जादा रक्कम भरताना ती मुद्दलातूनच वजा व्हावी आणि हप्ता कमी न करता मुदत कमी व्हावी, असे बँकेला लेखी कळवावे, आणि महिन्याभराने कर्जाचे नवे वेळापत्रक मागवून शेवटच्या हप्त्याची तारीख खरोखर अलीकडे आली आहे का, ते स्वतः पाहावे.